सात्यांची दुसरी साक्ष

दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मारबतीचा. टोपलीत दीड पायली सात्या. हजर माणसं पाच: माय, बाबा, माहेरी आलेली माझी थोरली बहीण कमलताई, तिला न्यायला आलेले भाऊजी आणि मी. टोपलीतलं काहीही त्या दिवशी कोणाच्या पोटात गेलं नाही आणि त्याला कारण मी झाले. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत सांगता येईल.

सात्या म्हणजे पावसाळ्यात रानात उगवणारी अळिंबी. पुस्तकात तिला भूछत्र म्हणतात. आमच्याकडे तो शब्द फक्त शाळेत ऐकला. आमचं गाव भंडाऱ्याकडे, कोंढ्याच्या बाजूला, रानाला पाठ लावून बसलेलं. घरासमोर बांध्या, म्हणजे धानाची बांधबंदिस्तीची शेतं, आणि घरामागे सांदवाडी. सांदवाडीत तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग, शेवग्याचं झाड, एका कोपऱ्यात उकिरडा आणि कुंपणापलीकडे लगेच रान सुरू. रोवणी आटोपली की घराला वेगळाच आवाज यायचा. बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले बेडूक, कौलांवरून तणसीवर पडणारं पाणी, आणि दिवसभर चिखल तुडवून आलेल्या बाबांनी पायरीवर पाय घासल्याचा आवाज. जेवायला भात, तुरीचं पातळ वरण आणि जी असेल ती भाजी. त्या दिवसांत भाजी म्हणजे तरोट्याचा पाला, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे कोंब. सगळ्या चांगल्याच, पण सात्या निघाल्या की या भाज्यांकडे कोणी पाहत नसे. जवसाच्या तेलात कांदा, लसूण आणि वाटलेली मिरची परतून, दोन भेदरं चिरून, वरून सांबार टाकून माय जी सात्यांची भाजी करायची, तिच्या वासाने बाबा बांधीतून लवकर परतत. भेदरं म्हणजे टमाटे आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, हे माझ्या पुण्यात राहणाऱ्या मुलीलाही आता सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते.

आमच्या घरी सात्यांसाठी एक नियम होता. तो कोणी लावला ते ठाऊक नाही. काहीतरी वाईट घडल्याशिवाय असा नियम लागत नाही, एवढं कळतं. नियम असा, की सात्या आणली की ओळख असलेल्या दोन माणसांनी तिचं नाव सांगायचं, आणि तेही एकमेकांना ऐकू न देता. एक ओसरीत, एक सांदवाडीत. ऐकणारा तिसरा, ज्याला सात्यांतलं काही कळत नाही असा. आमच्याकडे तो मान बाबांचा. बाबा आधी ओसरीत कान देत, मग मागे येऊन कान देत, आणि दोन्ही नावं जुळली तर म्हणत, "जुळलं." नाही जुळली तर सगळी टोपली उकिरड्यावर. एखादीच संशयाची निघाली तरी सगळी, कारण टोपलीत तुकडे मोडतात, मिसळतात. नाव सांगण्याला आमच्याकडे साक्ष म्हणत. ज्यांनी साक्ष दिली त्यांनीच पहिली वाटी खायची आणि बाकीच्यांनी पुढच्या जेवणाला. आपल्या शब्दावर आधी आपण जेवायचं. आज मी वाचते-विचारते तेव्हा कळतं की काही सात्यांचं विष दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसतं, म्हणून ही पहिल्या वाटीची रीत पुरेशी नव्हती. पण साक्ष देणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहायला ती पुरेशी होती.

पहिली साक्ष मायची, दुसरी काकीची. काका-काकी नागपूरला गेले आणि घरात साक्षीदार एकच उरला. त्यानंतरचा अख्खा पावसाळा आम्ही सात्यांशिवाय काढला. रानात जाताना त्या दिसायच्या. माय त्यांच्याशेजारी उकिडवी बसायची, एखादी उलटी करून पाहायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. शेजारणी म्हणत, "काहून वं, एवढी जाणती बाई तू, घेऊन जाय ना!" माय म्हणायची, "एका पायानं धुरा चढता येते का?" धुरा म्हणजे शेताचा बांध. तिने नियम मोडला नाही. बाबा तर नियमाचेच माणूस. त्यांनी एकदाच हळू आवाजात विचारलं होतं, "इंदूले शिकवता येइन का?"

इंदू म्हणजे मी. बारावी झाली होती, पुढचं काही ठरलं नव्हतं, आणि माझं डोकं हिशेबात बरं होतं. मायला वाटलं, जिला बेरीज चुकत नाही तिला सात्याही चुकणार नाही. हे काही खरं नव्हतं. पहिल्या महिन्यात मी इतक्या चुका केल्या की माय म्हणाली, "तुले खायले घातलं तर सात्याच तुले ओळखून घेइन." तिची शिकवायची रीत साधी होती. डोळे मिटायला लावायची आणि नाकाखाली सात्या धरायची. डुंबरातल्या सात्यांना, म्हणजे वारुळावर उगवतात त्यांना, नुकत्या दळलेल्या तांदळाच्या पिठाचा वास. तणसीच्या ढिगावरच्यांना ओल्या मातीचा आणि थोडा मुळ्याचा. मग बोटं फिरवायला लावायची: डोक्यावर शेंडा आहे की सपाट, देठ भरीव की पोकळ, देठाला कडं आहे की नाही. शेवटी डोळे. तिच्या मते डोळे सर्वांत लबाड, म्हणून ते सर्वांत शेवटी.

पाटीची गोष्ट मात्र माझी. एका दुपारी मी तणसीवरच्या एका सात्याचं टोपरं शाळेतल्या जुन्या पाटीवर पालथं ठेवलं आणि विसरले. संध्याकाळी उचललं तर खाली चाकाच्या आऱ्यांसारखी गुलाबट भुकटीची नक्षी. मला इतका आनंद झाला की मी पाटी घेऊन घरभर फिरले. मग छंदच लागला. शेणावरच्या बारक्या सात्या काळी भुकटी टाकत. काळ्या पाटीवर ती दिसत नसे, म्हणून पत्रावळीचं कोरं पान वापरायचे. डुंबरातल्या फिकट गुलाबी. वरून वाटी झाकून ठेवायची, म्हणजे वारा लागत नाही. माय हे पाहून हसायची. "पोट्टी सात्यांचे पापड लाटून राहिली," असं तिने शेजारणीला सांगितलं होतं. तिला त्या भुकटीचा काही उपयोग वाटत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटत नव्हता. सुंदर दिसते म्हणून मी ते करत होते.

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी कमलताई आली. तिचं सासर मोहाडीकडचं. पाचवा महिना लागला होता. आल्या पायरीवर तिने सांगितलं की तिला फक्त सात्या खायच्या आहेत, दुसरं काही नको. तिच्या सासरी सात्या उंबरठ्याच्या आत येत नसत, सासूबाईंना भीती. "तिकडं नाव काढलं तरी सासूबाई पदर तोंडाले लावतात," ताई म्हणाली. "आता नाइ भेटल्या तर मंग कवा? लेकरू झाल्यावर डोहाळे राहतात का?" पण आमच्याकडे श्रावणात सात्या खात नसत, मटणासारखी चव म्हणून त्या श्रावणात वर्ज्य. म्हणजे पोळा झाल्यावरचे दोनच दिवस हातात, कारण भाऊजी पोळ्याला येणार आणि लगेच तिला घेऊन जाणार होते. आणि दुसरी साक्ष माझी. ती अजून एकदाही दिली नव्हती. माय रोज माझी परीक्षा घ्यायची आणि ताई रोज मला विचारायची, "झालं का वं तुहं शिकून?"

पोळा झाला. त्या रात्री ढग गडगडले. आमच्याकडे म्हणतात, ढग गडगडला की डुंबर फुटतं. सकाळी गावात मारबतीची बाहुली, म्हणजे गावाची पीडा, वेशीबाहेर टाकायला पोरांचा घोळका निघाला, "ईडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत, आणि त्या गोंगाटातच माय टोपली घेऊन एकटी रानात गेली. ताईला चिखलात न्यायचं नव्हतं आणि मी सोबत गेले असते तर साक्ष बाद झाली असती. तोडणाऱ्याबरोबर असलेल्याने साक्ष द्यायची नाही. दोन तासांनी ती परत आली तेव्हा टोपली डोक्यावर होती आणि तोंडभर हसू. दीड पायली. मोठाल्या, पांढऱ्याशुभ्र. ताई उठून उभीच राहिली. भाऊजी मला म्हणाले, "साळीबाई, आता तुमच्या हातात आमच्या घरची शांती."

माय ओसरीत बसली. बाबांनी कान दिला. मी सांदवाडीत टोपली घेऊन बसले. पहिल्यांदा वासच घेतला. पिठाचा, अगदी खरा. मनात आलं, ठीक आहे, सोपं आहे. एकेक उचलून बघत गेले. शेंडा, भरीव देठ, कडं नाही. दुसरी, तिसरी, पुढची, सगळ्या एकसारख्या. मग टोपलीच्या मध्यावर एक हाती आली. दिसायला तशीच पांढरी, पण डोकं सपाट, वर तपकिरी खवले, आणि देठावर एक कडं. बोटाने ढकललं तर ते कडं वर-खाली सरकलं, बांगडीसारखं. वास काहीच नाही. तशा आणखी तीन-चार निघाल्या. मूळ पाहावं म्हटलं तर सगळ्यांचेच देठ जमिनीच्या पातळीवर तुटलेले होते.

हे तुटणं आमच्याच रितीचं. डुंबर खणायचं नाही, ते कोणाचं तरी घर असतं. आणि डुंबर मोडलं तर पुढच्या वर्षी तिथे सात्या येत नाहीत. म्हणून आमच्याकडे सात्या मुळापासून उपटत नाहीत, वरूनच पिळून मोडतात. डुंबरातल्या सात्यांची खरी खूण म्हणजे मातीत हातभर खोल गेलेलं बारीक मूळ. ती खूण आम्ही चांगल्या मनाने जमिनीतच ठेवून यायचो.

बाबा मागे आले, कान पुढे केला. मी म्हणाले, "डुंबरातल्या आहेत, पण सगळ्या नाइ. ह्या चार दुसऱ्या कोणत्या तरी आहेत. नाव नाइ येत मले."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी ओसरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पुन्हा पाय," ते म्हणाले. मी पुन्हा पाहिलं. तोपर्यंत ताई दारात येऊन उभी राहिली होती, एक हात पोटावर. ती टोपलीकडे पाहत राहिली. मला वाटलं, सांगून टाकावं. मायने आयुष्यभर सात्या आणल्या, ती चुकेल का? एक शब्द, आणि घरात भाजीचा वास सुटेल. बाबांना ते दिसलं असावं. ते हळूच म्हणाले, "तुह्या ताईकडे पाहून सांगू नोको. सात्याकडे पाहून सांग."

मी पुन्हा तेच सांगितलं. बाबा मोठ्याने म्हणाले, "नाइ जुळलं."

ओसरीतून माय आली ती टोपलीपाशीच. "काय नाइ जुळलं? माह्या हातानं डुंबरावरून तोडल्या मी! डुंबरावर दुसरं उगवते का काही?" तिने त्या चारांतली एक उचलली, वास घेतला, थांबली, आणि टोपलीत परत टाकली. "दोन महिने झाले नाइ शिकून, अन् मले शिकवून राहिली."

भाऊजी मध्ये पडले. सासूला ते मामी म्हणत. "मामी, ते चार काढून टाका ना, बाकीच्या तर चांगल्याच हायेत."

"सगळ्याच जातात," बाबा म्हणाले.

"लेकीचे डोहाळे उकिरड्यावर टाकू म्हणता?" माय म्हणाली.

"नियम तूच चालवला ना वं एक वर्ष," बाबा म्हणाले. "तवा तुह्या एकटीचा होता. आता पोट्टीचाही हाये."

टोपली मायनेच उचलली, तिनेच उकिरड्यावर रिकामी केली आणि वर शेणाचं घमेलं उपडं केलं, कोंबड्यांनी चोच मारू नये म्हणून. मी त्याआधी दोन काढून घेतल्या होत्या, एक सरळ आणि एक कड्याची. त्या शाळेच्या पाटीवर बाजूबाजूला पालथ्या घातल्या आणि वर वाट्या झाकल्या. त्या दिवशी जेवण वरण-भाताचं झालं. ताईने ते अर्धं खाल्लं आणि बाकीचं ताटात फिरवत बसली. भाऊजींनी वातावरण सैल करायला म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीनं निघू आपण." त्याने वातावरण आणखी घट्ट झालं.

त्या दिवसाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मला भीती मायची नव्हती. भीती ही होती की मी चुकले असेन. माझ्या शब्दापायी ताईचे डोहाळे अपुरे राहणार, आणि सात्या मात्र चांगल्याच निघणार. बरोबर असण्याची खात्री नसतानाही जे दिसलं तेच सांगावं लागतं, हे मी त्या सांदवाडीत शिकले. पुढे संसारात ते इतक्या वेळा लागलं की मोजत नाही.

सकाळी माय चुलीशी होती. मी तिच्यादेखत वाट्या उचलल्या. एका बाजूला फिकट गुलाबी आऱ्या, नेहमीच्या. दुसऱ्या बाजूला हिरव्या. बोडीच्या काठावर शेवाळ धरतं तशा, मळकट हिरव्या. मी तसला रंग तोवर कधी पाहिला नव्हता. माय पाटीवर वाकली. तिने बोट हिरव्यावर टेकवलं, बोट डोळ्यांपाशी आणलं, आणि मग उठून राखेने हात घासघासून धुतला. ताई मागून आली. पाटी पाहिली. तिचा हात पुन्हा पोटावर गेला.

"हे पोटात गेलं असतं?" ताईने विचारलं.

माय म्हणाली, "नाइ गेलं ना." आणि मग माझ्याकडे न पाहता, "टोपली आण. पण तू येऊ नोको, साक्ष जाइन. तुह्या भाऊजीले पाठव संगं, माती खणाले."

भाऊजींनी रानात कधी पाय ठेवला नव्हता. ते कुदळी खांद्यावर टाकून निघाले तेव्हा ताई पहिल्यांदा हसली. "घेऊन जा गे मारबत!" ती त्यांच्या पाठीमागे ओरडली. पुढे रानात काय झालं ते भाऊजींनी नंतर सांगितलं, दर वर्षी थोडं वाढवून. मायने डुंबरासमोर हात जोडले, "माफ कर माय, एकच डाव खणते," म्हणाली, आणि डुंबराच्या कडेला त्यांना खणायला लावलं. डुंबराच्या अंगावरच्या सात्याला हातभर मूळ निघालं. डुंबराच्या पायथ्याशी, गवतात उगवलेलीला मूळ नव्हतंच. खाली नुसती गाठ. दोन्ही एकमेकींपासून वितीभर अंतरावर. माय तिथेच बसून राहिली. "एवढे वर्स," ती म्हणाली म्हणे, "मी जागा पाहून तोडत होती."

सकाळची गाडी गेली. भाऊजींनी तिचं नावही काढलं नाही.

टोपली या वेळी पायलीभरही नव्हती, पण प्रत्येक सात्याला मूळ होतं, मातीसकट. डुंबर फोडलं नव्हतं. कडेच्या भुसभुशीत मातीतून हळू ओढून काढलेलं, आणि भोकं पुन्हा दाबून बुजवलेली. माय ओसरीत बसली, मी सांदवाडीत. बाबांनी कान दिला इकडे, मग तिकडे. मी प्रत्येकीचा वास घेतला, प्रत्येकीचा देठ चाचपला, प्रत्येक मूळ मोजल्यासारखं पाहिलं. एवढा वेळ लागला की भाऊजी दारातून म्हणाले, "साळीबाई, लेकरू शाळेत जाइन आता." मी सांगितलं, "सगळ्या डुंबरातल्या."

बाबा सावकाश ओसरीत गेले आणि तिथून आवाज आला, "जुळलं."

आज माझ्या भंडाऱ्याच्या घरीही तोच नियम आहे. दुसरी साक्ष माझ्या नवऱ्याची. त्यांना शिकायला चार पावसाळे लागले आणि अजूनही ते वासापेक्षा डोळ्यांवर विसंबतात. मुलगी पुण्याहून फोनवर फोटो पाठवते, "आई, ही खाऊ का?" मी उत्तर देत नाही. फोटोला वास नसतो आणि मूळही नसतं. इकडे ये, सांदवाडीत बस, डोळे मिट, मग सांगते, एवढंच कळवते. पाटीचं मात्र सोडलेलं नाही. आणि आमच्या गावाकडे मायच्या ओळखीच्या बायकांनीही मूळ पाहायची सवय लावून घेतली, डुंबर न फोडता. मायने त्यांना ती आपल्याच नावाने शिकवली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डुंबरासमोर हात जोडले ते तिनेच.

त्या दिवशी भाजी दुपारी झाली. कांदा, लसूण, मिरची, भेदरं, वरून सांबार. वास सांदवाडीभर गेला. नियमाप्रमाणे ताईला, बाबांना आणि भाऊजींना ती रात्रीच्या जेवणालाच मिळणार होती. ताई दोन पाटांपलीकडे बसून आमच्या ताटांकडे पाहत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "काही होऊन नाइ ना राहिलं तुमाले?" रात्री ती दोनदा भात घेऊन जेवली आणि शेवटी ताट बोटाने पुसलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली तेव्हा आम्ही सगळे ठणठणीत होतो. माघात तिला मुलगी झाली. ती मुलगी आता सात्यांना हात लावत नाही. मोहाडीच्या आजीसारखी भित्री आहे असं ताई म्हणते.

पहिली वाटी कोणाला मिळाली तेवढं सांगायचं राहिलं. काकीची एक पितळी वाटी होती, काठाला पोचा आलेली. काकी नागपूरला गेल्यापासून ती फळीवर पालथी पडून होती. त्या दुपारी मायने ती राखेने घासली, तिच्यात भाजी वाढली, काठोकाठ, स्वतःच्या वाटीत अर्धीच. आणि ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. देणारी माय, घेणारी मी. मी खाल्ली.